माझ्या फोनवर तुझं नाव

कळमनुरी, ३ जुलै

चि. संगिता,

जयभीम. घरच्यांना माझा जय सेवालाल सांग, असं लिहिणार होते. पण घरचे इथं माझ्या डोळ्यांसमोर आहेत आणि तूच लांब आहेस, तेव्हा ते राहू दे.

हा कागद बघून तू कपाळाला आठ्या घातल्या असशील. आधी त्या घालून घे, मग पुढं वाच. दोन वर्षांपूर्वी तू माझा नंबर ब्लॉक केलास. फोन लावला की अर्धी रिंग होऊन बंद पडतो, व्हॉट्सॲपवर एकच टिक येते. चोपन्न वर्षांच्या बाईला पोस्टाच्या खिडकीसमोर रांगेत उभं करण्याइतका राग तू जपून ठेवला आहेस, म्हणून हे स्पीड पोस्ट.

पत्ता तुझ्या आईनं दिला. आठवडी बाजारात जिवनबाई भेंडी घेऊन बसल्या होत्या. तू दिवाळीला पाठवलेल्या पार्सलचा पुठ्ठा त्यांनी जपून ठेवलाय, तोच पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मॅडम, पोरगी तुमचं नाव काढू देत न्हाई घरात. मी दिला म्हणून सांगू नका." मी सांगून टाकलं, बघ. त्यांना बोलू नकोस.

आता मुद्द्याचं. काल दुपारी प्रॅक्टिकल घेत होते. कांद्याची साल स्लाइडवर ठेवायची, तेवढ्यात फोन वाजला. 'उमेदवार संगिता नेमसिंग राठोड, बी.एस्सी. नर्सिंग प्रवेशासाठी आपली नोंदणी झाली आहे.' मी तीनदा वाचलं. साल माझ्या हातातच वाळली. म्हणजे चाकणच्या कंपनीत वायरी जोडता जोडता, कुणालाही न सांगता, तू पुन्हा परीक्षा दिलीस. मला इतका आनंद झाला की मी पोरांना पंधरा मिनिटं आधीच सोडून दिलं, आणि माझ्या तासाला असं होत नाही हे तुला माहीत आहे.

पण मेसेज माझ्या फोनवर आला, हीच अडचण आहे. तुला नवं खातं उघडता आलं नसेल, म्हणून तू जुनंच वापरलंस, आणि जुन्या खात्याला नंबर माझा आहे. तुमच्या वर्षी तेवीस जणांच्या फॉर्मवर मी माझाच नंबर टाकला होता. कारण तू जाणतेस. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो, बापाच्या फोनचं रिचार्ज संपतं, सिम बंद पडतं आणि पोराचा ओटीपी कुठल्यातरी फडात जाऊन पडतो. त्यापेक्षा माझा फोन बरा. पासवर्डही सगळ्यांचा एकच ठेवला होता, शाळेचं नाव आणि पुढं एक दोन तीन. सगळ्यांचे अर्ज क्रमांक एका जाड वहीत. तुम्ही पोरं त्या वहीला मॅडमचं रेशनकार्ड म्हणायचा.

तर नीट ऐक. कॉलेजांची पसंती भरून ती २१ जुलैला संध्याकाळी पाचच्या आत पक्की करायची आहे. पक्की करताना ओटीपी लागतो. तो माझ्याकडे येणार आणि दहा मिनिटं चालणार. नंबर बदलायचा किंवा पासवर्ड बदलायचा, तरी आधी ओटीपी माझ्याकडेच. पाच वाजून गेले की यावर्षीचा प्रवेश गेला. म्हणून तुला मला एक फोन करावाच लागेल. गोड बोलू नकोस, नुसता कर.

आणि त्या वर्षीचं म्हणशील, तर तुझं नाव पहिल्या यादीत आलं नाही, दुसऱ्या यादीतही आलं नाही. त्यात मी काय करणार होते? कटऑफवर रागव, नशिबावर रागव. माझ्यावर का रागावलीस ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी मॅडम,
सरिता पाईकराव


कळमनुरी, ९ जुलै

संगिता,

तुझा निरोप पोचला. कुलदीप यंदा बारावीला आहे, माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर. काल तास संपल्यावर टेबलापाशी आला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "ताई म्हणली पत्र मिळालं. अजून पाठवू नका."

मी विचारलं, "आणि ओटीपीचं काय?"

"ती बघून घेती म्हणली."

"काय बघून घेती? माझ्या फोनमधी येऊन बसती का?"

पुढच्या बाकावरच्या पोरी हसल्या. तो हसला नाही. तुझीच नजर आहे त्याला, समोरच्याला लहान करणारी. म्हणाला, "मॅडम, तुमी काहून तिच्या मागं लागल्या? तिला तिचं करू द्या की." आणि दप्तर उचलून गेला. यावर्षी आपल्या शाळेच्या फॉर्म भरायच्या केंद्रात एकतीस मुलं नाव घालून बसली आहेत, कोण आयटीआय, कोण फार्मसी, कोण पोलीस भरती. कुलदीपनं नाव घातलं नाही. तुझ्या घरातलं लेकरू माझ्या केंद्रात येत नाही, हे बाकीच्यांना दिसतं. लागतं मला ते.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुझा ओटीपी आला. मी चहा गाळत होते. सहा आकडे. गाळणी तशीच टाकून तुला फोन लावला. अर्धी रिंग. पुन्हा लावला. मग कुलदीपला लावला, तो उचलेना. नंतर कळलं की तो पाठीवर पंप घेऊन सोयाबीनवर फवारणी करत होता आणि फोन बांधावर होता. दहा मिनिटं गेली. सात पंचवीसला दुसरा आला. पावणेआठला तिसरा. मी ते आकडे मोठ्यानं वाचत घरात फिरत होते. आमचे हे, प्रेमानंद, आंघोळीहून आले आणि म्हणाले, "कुणाला सांगून राहिली?" त्यांना काय सांगू?

तीन झाल्यावर दिवसभर खातं बंद राहतं, म्हणून तू थांबली असशील. तुझ्या पडद्यावर 'शेवटी ४४१७ असलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे' असं आलं असणार. ४४१७ कुणाचे ते तुला पाठ आहे. तरीही तू तीन वेळा बटण दाबलंस आणि एकदाही मला फोन केला नाहीस. एवढा कसला हट्ट? बारा दिवस राहिले आहेत, पोरी.

तो प्रयोगशाळेतला दिवस तुझ्या मनात आहे, हे मी समजते. दुसऱ्या यादीतही नाव नाही म्हटल्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मॅडम, तुमचा फोन दाखवा. मेसेज बघू द्या मला." आणि मी ओरडले. "माझ्यावर विश्वास न्हाई का? तुमच्यासाठी मी उन्हातान्हात फिरते आणि तू माझा फोन तपासणार?" तू बाहेर पडलीस. त्या दिवशी मी जास्त बोलले. सकाळपासून पंधरा पोरांचे फॉर्म भरले होते, डोकं दुखत होतं, आणि कुणी आपल्यावर संशय घेतला की मला सहन होत नाही. एवढंच.

आता हा विषय इथं संपव. फोन कर.

मॅडम


कळमनुरी, १२ जुलै

संगिता,

काल मी तुझ्या खात्यात गेले.

पासवर्ड मला माहीतच होता. जाऊ नये हेही माहीत होतं. स्वतःला म्हटलं, नुसतं बघायचं, फॉर्म अर्धवट तर नाही ना राहिला. तुझे मार्क बघितले. पहिल्या वेळेपेक्षा एकवीस जास्त. कंपनीतल्या आठ तासांनंतर तू हे कधी वाचलंस, मला कळत नाही. खुर्चीत बसूनच मी टाळी वाजवली.

मग तुझी पसंती बघितली. सहा कॉलेजं. पहिल्या नंबरवर नांदेडचं ते खासगी कॉलेज, मुंबईचं सरकारी तिसऱ्या नंबरवर. मला राग आला. या मार्कांवर मुंबई मिळू शकते, आणि ही पोरगी नांदेड वर लिहिते! मी मुंबई ओढून पहिल्या नंबरवर आणली. मग परत खाली ठेवली. सेव्ह केलं नाही.

हे खोटं आहे. सेव्ह केलं होतं. चहा पिऊन आले, पुन्हा बघितलं, आणि ते नांदेडचं नाव मला बघवेना. तुझा क्रम होता तसा करून परत सेव्ह केला. तू उघडशील तेव्हा नांदेडच पहिलं दिसेल. तरी एकदा डोळ्यांनी बघून घे, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

का बघवेना, ते सांगते. हे कॉलेज मी आधी बघितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, याच फोनवर.

संगिता, तुझं नाव पहिल्या यादीत लागलं होतं.

नांदेडच्या त्याच कॉलेजात. संध्याकाळी सहाला मेसेज आला. तीन दिवसांत जाऊन सीट घ्यायची होती, नाही तर ती सुटणार होती. तुझ्या फॉर्मवर ते चौथं होतं, वरची तिन्ही सरकारी होती, आणि तीही मीच वर घालायला लावली होती. मी हिशेब केला की गेल्या वर्षीच्या कटऑफला तू दोनच मार्कांनी कमी आहेस, दुसऱ्या यादीत सरकारी नक्की लागेल. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नांदेडला गेली असतीस आणि खुशीत सीट घेतली असतीस. म्हणून तुला सांगितलं नाही. तीन दिवस तू रोज यायचीस, "मॅडम, काही आलं का?" आणि मी म्हणायचे, "न्हाई गं, थांब जरा." चौथ्या दिवशी सीट सुटली. दुसऱ्या यादीत कटऑफ खाली यायचा तो वर गेला.

शाळेच्या गेटवर लावायचा बोर्डही मी ठरवून ठेवला होता. 'तांड्यातून सरकारी नर्सिंगला जाणारी पहिली विद्यार्थिनी.' तुझा फोटोही निवडला होता, स्नेहसंमेलनातला, लाल ओढणीचा. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. तू फोन दाखवा म्हणालीस तेव्हा त्यात हे सगळं होतं, म्हणून मी ओरडले. डोकं बिकं काही दुखत नव्हतं.

माझी एक गोष्ट तुम्हा कुणाला सांगितलेली नाही. मी बारावी झाले त्या दिवशी आमच्या सरांनी माझा फॉर्म स्वतः भरला, डी.एड.चा. माझ्या वडिलांना म्हणाले, "शेषराव, पोरीला मास्तरीण करा, डॉक्टरकीच्या फंदात पडू नका." माझे मार्क मेडिकलला पुरले असते की नाही, ते मला आजही माहीत नाही, कारण तो फॉर्म कुणी भरलाच नाही. पुढं नोकरी करत मी एम.एस्सी.पर्यंत शिकले, पण त्या सरांना मनातून माफ केलं नाही. ठरवलं होतं की माझ्या हाताखालच्या लेकराला कुणी कमी देणार नाही. आणि तुला कमी मिळू नये म्हणून मी तुला काहीच मिळू दिलं नाही. ते सर निदान वडिलांना विचारायला घरी आले होते. मी तेवढंही केलं नाही.

माझी चूक झाली. तुझी दोन वर्षं मी घालवली. माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही, आणि ते लिहून तुझा ओटीपी तुला मिळणारही नाही. तेवढं मात्र कर. मला शिव्या द्यायच्या असतील तर आधी सहा आकडे घे, मग दे.

सरिता पाईकराव


कळमनुरी, १७ जुलै

संगिता,

चार दिवस राहिले. मागचं पत्र पोचलं असेल. पोस्टाच्या साइटवर बघितलं, 'वितरित' दाखवतंय. फोन आला नाही. तो न करणं तुझ्या हातात आहे आणि तुला हक्क आहे, पण रोज सकाळी सात ते आठ मी फोन हातात घेऊन बसते. आंघोळीला जाते तेव्हा तो प्रेमानंदांच्या हातात देते. कंपनीतल्या तुझ्या शिफ्टचं मला काही माहीत नाही, म्हणून दिवसाही आवाज बंद करत नाही. काल प्राचार्यांच्या मीटिंगमध्ये वाजला तर सगळे बघायला लागले. बँकेचा मेसेज होता.

आज मी तांड्यावर गेले. तुला लिहिलं ते तुझ्या वडिलांना माहीत नसलं, तर ते अर्धंच झालं असं वाटलं. नेमसिंगभाऊ गोठ्यापाशी दोर वळत होते. मला बघून उठले, खाट झटकली, "मॅडम, तुमी कशाला तकलीफ घेतली, मीच आलो असतो शाळेत." तुला ठाऊक आहे ते माझ्याशी कसे बोलतात. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. यादी, नांदेड, तीन दिवस, सगळं.

ते दोर वळत राहिले. मग विचारलं, "म्हंजी ती पास झाली होती?"

"व्हय भाऊ."

"नाव लागलं होतं?"

"व्हय."

जिवनबाई दारात आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. नेमसिंगभाऊंनी दोर खाली ठेवला आणि म्हणाले, "दोन वर्षं मी तिला नापास म्हणलो, मॅडम. पाव्हण्याच्या समोर म्हणलो. सणाला घरी आली तरी म्हणलो. ती एका शब्दानं बोलली न्हाई." मला वाटलं आता हे मला बोलतील. तालुकाभर बोंब मारायचा त्यांना हक्क होता, आणि मी ऐकायची तयारी करून गेले होते. पण ते एवढंच म्हणाले, "तुमी जा आता." चहाला थांबा म्हणाले नाहीत. तुझ्या घरून मी पहिल्यांदाच चहा न घेता परत आले.

शाळेत येऊन प्राचार्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, जुनं प्रकरण आहे, कशाला उकरता? मी म्हटलं, जुनं नाही, त्या पोरीचं अजून चालू आहे. त्यांनी लेखी मागितलं आहे. ते मी उद्या देणार आहे. पुढं काय होईल ते होईल, त्याची काळजी तू करू नकोस. तू एकवीस तारखेची कर.

एक सांगून ठेवते. बाहेरचा कुणी नेटवाला तुला म्हणाला की ओटीपीशिवाय करून देतो, तर त्याच्या नादी लागू नकोस. आणि माझ्याशी बोलायचंच नसेल, तर कुलदीपला सकाळी माझ्या घरी पाठव. मी फोन त्याच्या हातात देईन आणि स्वतः बाहेर जाऊन बसेन. तो तुला आकडे सांगेल. तुझ्या कानावर माझा आवाजही पडणार नाही.

सरिता पाईकराव


कळमनुरी, २० जुलै, रविवार

संगिता,

आज सकाळी आपण सहा मिनिटं बोललो, त्यातली चार मिनिटं आकड्यांत आणि रेंज शोधण्यात गेली. मला जे बोलता आलं नाही ते लिहिते. काय झालं तेही जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे मला पुढं कधी त्यात फेरफार करता येणार नाही.

पावणेदहाला ओटीपी आला. मी कुलदीपची वाट बघत ओट्यावर बसले होते. तो आला नव्हता. लगेच अनोळखी नंबरवरून फोन.

"मॅडम, संगिता बोलून राहिले. नंबर बदलायचा आकडा आलाय. सांगा."

मी सांगितला. घाईत आकडे एकमेकांत मिसळले, तू म्हणालीस, "बराबर सांगा, सात का नऊ?" नऊ, म्हटलं. नवरात्रातला नऊ. तू टाइप केलंस. मला पलीकडं पोरींचा गलका ऐकू येत होता. मग तू म्हणालीस, "झालं. बदलला." आणि माझ्या फोनवर मेसेज आला, 'आपला मोबाइल क्रमांक बदलण्यात आला आहे.' तुझ्या नावाचा शेवटचा.

मला वाटलं आता तू ठेवशील. तू ठेवला नाहीस. म्हणालीस, "मॅडम, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नाव लागलेलं. यादी लागली त्याच्या आठव्या दिवशी मी नेटवाल्याकडं बसून सगळी यादी वाचली होती. माझं नाव होतं, नांदेड होतं. म्हणून तर फोन दाखवा म्हणलं."

मी विचारलं, मग घरी का नाही सांगितलंस? बापाचं नापास नापास का ऐकून घेतलंस? तेव्हा तू जे म्हणालीस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "बाबाला सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं. मॅडम खोटं बोलत न्हाईत म्हणायचा तो. तुमीच सांगायला पायजे होतं. तुमी कवा सांगता त्याची वाट पाहून राहिले होते मी."

दोन वर्षं. तुझ्या शब्दापुढं माझा शब्द मोठा होता, आणि तो मी तुझ्याविरुद्ध वापरला. तुमच्या तांड्यावर मी जे नाव कमावलं, त्याच नावानं तुझं तोंड बंद केलं. हे मला यादी लपवण्यापेक्षा जास्त लागलं.

मग तू म्हणालीस की बाबाचा फोन आला होता आणि तो खूप वेळ नुसता रडत होता. आणि म्हणालीस, "मी तुमाला माफ बिफ केलेलं न्हाई. आकडा पायजे होता म्हणून फोन केला." मी बरं म्हटलं. तू ठेवलास.

एक गोष्ट विचारायची जिभेवर आली होती आणि मी गिळली. क्रम बदलणार आहेस का? मुंबई वर घेणार का? या मार्कांवर मिळेल, हे मला दिसतंय. पण आता ते मी बोलणार नाही. या कागदावरही आणखी काही बोलणार नाही, कारण हा पोचेपर्यंत एकवीस तारीख उलटून गेलेली असेल. म्हणूनच एवढं तरी लिहायचं धाडस केलं.

सरिता पाईकराव


कळमनुरी, २८ जुलै

संगिता,

हे पत्र उत्तरासाठी नाही.

तू फोन ठेवलास त्याच दिवशी मी वही काढली. यंदाच्या एकतीसपैकी सत्तावीस जणांना माझाच नंबर होता. मी काही शिकले नव्हते, बघ. गेला आठवडाभर एकेकाला बोलावून नंबर बदलून घेतले. ज्यांच्या घरी फोन टिकत नाही त्यांनी मामाचा दिला, कुणी किराणा दुकानदाराचा दिला. मला ते पटलं नाही, पण त्यांना पटलं. नवा पासवर्ड प्रत्येकानं माझ्याकडं पाठ फिरवून टाकला. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, विसरले तर?" मी म्हटलं, विसर, पण मला सांगू नकोस. वहीची ती पानं फाडून चुलीत घातली. प्राचार्यांनी केंद्राचं काम तात्पुरतं दुसऱ्या सरांकडं दिलं आहे. चौकशी चालू आहे. बरोबरच आहे ते.

परवा पहिली यादी लागली. दिवसभर फोन टेबलावर पडून होता. तुझ्या नावाचं काही आलं नाही, आणि येणारही नव्हतं. तरी दर थोड्या वेळानं मी तो उलटा करून बघत होते. संध्याकाळी एका विद्यार्थ्यानं सगळी यादी ग्रुपवर टाकली. खुली असते ती, कुणीही उघडून बघावी. मी उघडली नाही. तू सीट घेतलीस का, कुठली घेतलीस, की दुसऱ्या यादीसाठी थांबलीस, हे तू सांगितलंस तरच मला कळावं, असं ठरवलं. फार जड गेलं. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

आज बाजारात जिवनबाई भेटल्या. मी लांबून जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली. भेंडीची टोपली बाजूला सारली, मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, होस्टेलला गोधडी चालती का हो? का गादीच लागती?"

मी टोपलीतली भेंडी निवडत राहिले. त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारला. कुठल्या गावाचं होस्टेल, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मुंबई असेल तर एक सांगायचं, नांदेड असेल तर दुसरं. माझ्याकडं दोन्हीची माहिती आहे.

मी गाव विचारलं नाही. म्हटलं, "गोधडी द्या, जिवनबाई. तुमच्या हातची द्या."

सरिता पाईकराव